रुमाल, टोपी, पिशवी: ७२ पैकी ४४ पानं झाली

एसटी फलाटाला नीट लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत येतो आणि जागा धरली जाते. परभणी, लातूर, नांदेड, कुठल्याही स्टँडवर रोज घडणारी ही गंमत फ्लिपबुकात, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं अशा छोट्या वहीत, उतरवायचं काम चालू आहे. रिकामं सीट. खिडकीतून रुमाल पडतो. आतल्या बाजूने कुणाची तरी टोपी त्यावर बसते. टोपीवर वायरची पिशवी. शेवटी खिडकीतूनच अलगद सोडलेलं पोरगं, थेट पिशवीवर. अंगठ्याखालून सेकंदाला साधारण १२ पानं सुटतात, म्हणजे ७२ पानांत सहा सेकंदांचा खेळ.

कागद १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा. ए-फोरचे १८ कागद चौघडीत कापले की १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरची बरोबर ७२ पानं निघतात. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद इथे चालत नाही. तो लुळा असल्याने अंगठ्याखालून तीन-चार पानं एकदम सुटतात आणि नेमका रुमाल उघडतो तेच पान डोळ्यांना दिसत नाही. शिवणीच्या बाजूला साडेचार सेंटिमीटर कोरे सोडा, कारण फ्लिपबुक तिथवर उघडतच नाही.

सगळी पानं एकावर एक बसावीत म्हणून शिवणीकडे साध्या पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली आहेत. भोकांमधलं अंतर ८ सेंटिमीटर. फळीवर त्याच अंतरावर सहा मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक दोन लाकडी खुंट्या ठोकल्या, की प्रत्येक पान त्यात अडकवून काढता येतं. उजेडासाठी दोन विटांवर फोटोफ्रेमची काच आणि खाली मोबाइलची बॅटरी एवढं पुरतं. पहिलं चित्र गठ्ठ्याच्या तळाशी. त्यावर दुसरं पान ठेवलं की खालची रेघ दिसते आणि नवी रेघ तिच्या किती पुढे ओढायची ते कळतं. त्यामुळे बघतानाही अंगठा खालून लावून पानं वर वाकवायची आणि तळाकडून सोडत यायचं.

खिडकी, गज आणि सीट ७२ वेळा काढण्यात अर्थ नाही. ते एकदाच काढून सगळ्या पानांवर झेरॉक्स केलं. जाड कागद बाजूच्या ट्रेमधूनच द्यायला सांगा, नाहीतर आत अडकतो. यंत्रात प्रत्येक प्रत मिलिमीटरभर इकडे-तिकडे सरकते. घराचं किंवा झाडाचं चित्र असतं तर ते खटकलं असतं. इथे मात्र इंजिन चालू ठेवून उभी असलेली एसटी थरथरतेच, म्हणून ती हालचाल तशीच ठेवली आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रुमाल पाडण्यात. पहिल्या फेरीत दर पानाला सारखंच, १४ मिलिमीटर अंतर दिलं होतं. रुमाल दोरीला बांधून कुणी खाली सोडतंय असं दिसलं. पडणाऱ्या वस्तूचं अंतर दर सारख्या वेळेला १, ३, ५, ७ या पटीत वाढतं. सेकंदाला १२ चित्रं धरली तर पहिल्या पानात खरी वस्तू सुमारे ३.४ सेंटिमीटर पडते. चित्राचं माप एकास दहा आहे, म्हणून कागदावर साडेतीन, मग दहा, मग सतरा, मग चोवीस मिलिमीटर. चार पानांत साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे गजापासून सीटपर्यंत. ही चार पानं नव्याने काढल्यावर रुमालाला वजन आलं.

हे गणित उघड्या रुमालाला लागू होत नाही, तो हवेत तरंगतो. म्हणून तो बोळा करून फेकलेला दाखवला आहे आणि सीटच्या पाठीला आपटल्यावर दोन पानांत उघडतो. फेकण्याआधी हात तीन पानं मागे जातो. हे मागे जाणं गाळलं तर रुमाल कुठून आला हे डोळ्याला कळत नाही.

हसू मात्र पडण्यात नाही, पडल्यानंतरच्या थांबण्यात आहे. रुमाल पसरल्यावर आठ पानं काहीच घडत नाही. जागा धरली, विषय संपला असं वाटायला एवढा वेळ लागतोच. त्यानंतर टोपी आली की माणूस हसतो. चार पानांचा थांबा करून पाहिला तेव्हा टोपी रुमालाच्याच मागून आल्यासारखी वाटली आणि गंमत गेली. थांब्याची पानंही हाताने पुन्हा गिरवायची. तीच प्रत आठ वेळा लावली तर रुमालाची रेघ मेल्यासारखी होते.

उन्हाळ्यात झेरॉक्समधून निघालेला कोरडा कागद कडांना वळतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. गठ्ठा पंख्यासारखा झटकून मोकळा करायचा आणि दोन रात्री पाट्याखाली दाबून ठेवायचा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, झेरॉक्सची शाई त्याला लागून निघते.

झालेली ४४ पानं सध्या मोठ्या काळ्या क्लिपमध्ये आहेत. क्लिप लावताना गठ्ठा किंचित तिरका धरला आहे, तळाचं पान सगळ्यात आत आणि वरचं तीन मिलिमीटर पुढे. पायरीसारखी कड झाली की पानं एकेक सुटतात, आणि दोन पानांमधला फरक इतका बारीक असतो की चित्र सरकलेलं जाणवत नाही. ७२ झाल्यावर दाभणाने तीन भोकं पाडून दोरा ओवायचा आणि पाठीला मैद्याची खळ लावायची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही.

पुढची दहा पानं पिशवीची. ती जड आहे, म्हणून सीटही दबलं पाहिजे: आपटल्याच्या पानावर चार मिलिमीटर खाली, पुढच्यावर दोन वर, मग एक खाली, मग जागेवर. त्यानंतर सहा पानं थांबा, आणि ६१ पासून पोरगं, पाय आधी. शेवटच्या पाच पानांत ते पिशवीवर बसून समोर बघतं. बाकी काही हलत नाही. फक्त ७० व्या पानावर पापणी मिटते आणि ७१ वर उघडते.