फरक काय?

"दोन्ही छानच आहेत की गं. फरक काय?" दोन वेगवेगळ्या लेन्सनी काढलेले माझे फोटो बघून ताई म्हणाली, ते वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये. तिनं सहज विचारलं, त्यात टोमणा नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. तरी लागलं.

फरक काय ते मला सांगता येतं, आणि सगळा त्रास तिथंच आहे. त्रिपुरी पौर्णिमेची पहाट, पंचगंगा घाट, पणत्यांचा उजेड. माझ्या नेहमीच्या ५० एमएम एफ १.८ लेन्सला (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) १/१२५ सेकंदाच्या शटरवर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० लागत होता. भाड्यानं आणलेल्या एफ १.२ ला त्याच शटरवर २८०० च्या आसपास भागलं. सव्वादोन पट उजेड. आयएसओ उतरला की पायऱ्यांच्या काळ्या दगडातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, लगेच कमी होतो, दगड दगडासारखा दिसतो. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून हे ताईला दाखवलं. ती म्हणाली, "ही पणती आपण लावलेली का गं?"

आणि पणतीचा तो क्लोजअप! मीटरभर अंतरावरून एफ १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटरचा पट्टा फोकसमध्ये राहतो, १.२ ला तीन. ऐकायला काहीच नाही, पण त्या एका सेंटिमीटरमध्ये पणतीचा मागचा काठ जातो. वातीचं जळतं टोक तेवढं धारदार, तिच्या पुढ्यात तेलाचा एक चकाकता ठिपका, आणि काठ विरघळत मागच्या अंधारात मिसळलेला. १.८ मध्ये तो काठ अर्धवट दिसत राहतो, धड स्पष्ट नाही, धड गेलेलाही नाही. फ्रेमच्या कोपऱ्यांतले दिवे बघावेत. वाइड ओपनला, म्हणजे पूर्ण उघडल्यावर, दोन्ही लेन्स ते थोडे चपटे करतात, मांजराच्या डोळ्यासारखे. पण १.२ ला १.८ वर आणलं की तेच दिवे बरेच गोल होतात, आणि माझी लेन्स तर १.८ लाच पूर्ण उघडी असते. मोठ्या काचेचे पैसे असतात ते या कोपऱ्यांत.

माझी लेन्स वाईट आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही. २०१८ ची ती निकॉनची ५० एफ १.८ एस, वजन ४१५ ग्रॅम, आणि पूर्ण उघडूनही कडेपर्यंत स्वच्छ. नानांच्या जुन्या ५० एफ १.४ वर शिकलेल्या माणसाला याचं मोल कळतं. ती पूर्ण उघडली की सगळ्यावर एक धुकट झाक यायची आणि कडेच्या दिव्यांना पंख फुटायचे. पंखांचा हा एक दोष घालवायला निकॉननं १९७७ मध्ये ५८ एमएम एफ १.२ ची नॉक्ट नावाची लेन्स काढली होती, तिची पुढची काच हातानं घासून घडवायचे. नाना हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाजच बदलायचा. नाना असते तर.

काल रात्री फार एकटं वाटलं. मी जे बघते ते घरात कुणालाच दिसत नसेल, तर पहाटे तीनला उठून, थंडीत किलोभराची लेन्स गळ्यात अडकवून मी नेमकं कुणासाठी बघते? आईला विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. आणि ऑफिसातलं तर… जाऊ दे.

आज दुपारी कपाट आवरताना ताईची पैठणी हातात आली आणि त्या दुकानातली दुपार आठवली. तिनं दोन पैठण्यांचे पदर उलटे केले, मागून बोट फिरवलं आणि एक लगेच बाजूला सारली. हातमागाची मागूनही पुढूनसारखीच नेटकी दिसते, मशीनच्या पाठीला धागे लोंबतात, असं ती मला सांगत होती. मी मान डोलवत होते. मला दोन्ही सुंदर दिसत होत्या. तिनं माझ्या मताची वाट पाहिली नाही, हवी ती घेतली आणि लग्नात काय खुलली होती त्यात! मला काठ कळले नाहीत म्हणून तिचं काही अडलं नाही.

मग माझंही अडायला नको.

उद्या लेन्स परत द्यायची. विकत नाही घेणार, निदान यंदा नाही. पण वातीचा तो फोटो मोठा, १२ बाय १८ चा, मॅट कागदावर काढून माझ्या खोलीत लावणार आहे. पुढच्या त्रिपुरीला भाड्यानं ८५ एफ १.२ मिळते का बघेन, दीपमाळेला पन्नास कमीच पडते. ताईला मात्र १.८ वालाच फोटो द्यायचाय, तिनं तोच मागितला. त्यात मागे उभी असलेली आत्या ओळखू येते.