हजेरीपटातला ‘लाँ’

स्मरणिकेच्या कमिटीतल्या पोरांचा फोन आला की नाना तुमचं मनोगत पाहिजे, शाळेमुळं तुमच्या आयुष्यात काय काय घडलं ते लिहा. आता मी काय साहेब झालेलो नाही, कोपरखैरण्यात वायरमनची कामं करतो, त्यामुळं घडलं बिडलं राहू दे, जे डोक्यात आहे ते लिहितो, शुद्धलेखन बाईंनी तपासून घ्यावं.

आमच्या टायमाला, म्हणजे 1988 ते 94, हजेरीपटात तीन खुणा असायच्या. हजर, गैरहजर आणि ‘लाँ’. कोयना धरणाच्या पाण्याच्या पलीकडनं येणारी आम्ही सतरा पोरं, लाँच आली नाही की सतराच्या सतरा गैरहजर दिसायचो आणि तपासणीला आलेले साहेब गुरुजींना विचारायचे, ही काय वऱ्हाडाला गेलती का सगळी? शेवटी गुरुजींनी आमच्या नावापुढं लाल पेनानं ‘लाँ’ लिहायला सुरुवात केली. डिझेल संपलं, वारं सुटलं, धुकं पडलं, नाहीतर लाँचवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न, सगळ्याला एकच अक्षर. पाचवीच्या जुलै महिन्यात माझ्या नावापुढं बहुतेक तेच होतं. गणितात मी कच्चा का राहिलो ते यावरनं समजून घ्या.

नवीन पोरांना वाटतं हे पाणी पहिल्यापासनंच इथं आहे. तसं नाही. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या भेटतात, आज्जा सांगायचा की उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढ्या पाण्यातनं ओलांडून बाजाराला जायचो. साठच्या दशकात खाली कोयना धरण झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठची भातखाचरं, गावठाण, देऊळ सगळं पाण्यात गेलं. काहींना सांगली सोलापूरकडं जमिनी मिळाल्या, काही ठाणे रायगडला गेले, आमच्या आज्जाला तिकडचं ऊन सोसेना म्हणून तो माघारी आला आणि वर डोंगराच्या अंगाला घर बांधलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं जोतं उघडं पडतं, तिथं आम्ही नारळ फोडून येतो, आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कोण कोण थोडंफार पिकवतात. आणि ही गंमत बघा, याच पाण्यावर कोयनेची 1960 मेगावॅट वीज होते, पाणी डोंगराच्या पोटातनं पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतनं समुद्राला जातं, आणि त्याच पाण्याच्या काठावर मी दहावीचा अभ्यास रॉकेलच्या चिमणीवर केला. आमच्याकडं खांब आले ते मी आयटीआय पास झाल्यावर, मी घरी जाऊन पहिला बोर्ड स्वतः बसवला. आज्जी त्या बल्बकडं बघून म्हणाली, “हे आपल्याच वावरातलं पाणी व्हय रं?” काय सांगणार, म्हणलं व्हय आज्जी.

घरापासनं लाँचच्या धक्क्यापर्यंत पाऊण तास जंगलातली वाट. जंगल म्हणजे झाडी नव्हे, खरंच जंगल, अंजनी, पिसा, हिरडा, जांभूळ, वर आभाळ दिसत नाही, आणि पावसाचं तर विचारू नका. नवजा महाबळेश्वर पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस म्हणजे काय ते पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. दप्तर प्लास्टिकच्या खताच्या पिशवीत, वर इरलं, आणि पायाला जळवा. माझ्याकडं फडक्यात तंबाखूची पुरचुंडी बांधलेली काठी असायची, ओल्या तंबाखूचा बोळा लावला की जळू सुटते. वर्गात गेल्यावर बाई आधी पाय बघायच्या आणि मग गृहपाठ. एकदा गव्यांचा कळप वाटंवर उभा राहिला, आम्ही अर्धा तास करवंदीच्या जाळीमागं बसलो आणि लाँच गेली, तर गुरुजी म्हणाले आता याला ‘ग’ कुठं लिहू, गैरहजरचा पण ‘ग’च आहे.

डब्यात नाचणीची भाकरी आणि खर्डा, पावसाळ्यात भारंगी नाहीतर कुर्डूची भाजी. पाण्याच्या अलीकडच्या काठाची पोरं चपाती आणायची तेव्हा मला भाकरीची लाज वाटायची. आता वाशीत तीच नाचणी पॅकेट करून काय भावानं विकतात बघा.

हसण्यासारखं आहे तेवढं लिहिलं, पण सगळंच तसं नव्हतं. माझ्या चुलत बहिणीला सातवीत असताना साप चावला, रात्री झोळी करून धक्क्यावर आणली, पाणी खवळलं होतं म्हणून लाँच सुटेना, आणि उजाडायच्या आत ती गेली. त्या दिवशी हजेरीत तिच्या नावापुढं गुरुजींनी काहीच लिहिलं नाही. यावर जास्त लिहीत नाही.

गुरुजी एकच सांगायचे, शिका आणि बाहेर पडा. आम्ही ऐकलं. त्यात त्यांची चूक नाही, दुसरं काय सांगणार, वडील आधीच मस्जिद बंदरला माथाडी होते, बाजार वाशीला हलला तसे तेही हलले, गावकीच्या गाळ्यात वीस वीस जण आळीपाळीनं झोपायचे. 1969 चा माथाडी कायदा झाला नसता तर अर्धी जावळी आणि अर्धं पाटण उपाशी राहिलं असतं असं ते म्हणायचे, आणि माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो देवाच्या बाजूला. त्या पैशावर आम्ही शिकलो आणि शिकलो म्हणून निघून गेलो. आज गावात चाळीस घरं आणि त्यातल्या सव्वीस घरांना कुलूप, गणपतीला आणि जत्रेला उघडतात. आमच्या प्राथमिक शाळेचा पट चार. चारपैकी दोन एकाच घरातले.

आता पुढं काय हा प्रश्न मला सारखा विचारतात. 1985 ला कोयना अभयारण्य झालं, 2010 ला कोयना आणि चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणजे हिरडा गोळा करायला गेलं तरी विचारून, रस्ता करायचा तरी विचारून. जंगल राहिलं हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही, पण जंगल राखायचं तर ते बघणारं माणूस तिथं पाहिजे का नको? दुसऱ्या बाजूनं नवीन महाबळेश्वर म्हणून सरकारच्या नव्या गिरिस्थानाचा आराखडा आलाय, सुरुवातीला त्यात 235 गावं होती, आणि त्याचं नाव निघाल्यापासनं एजंट लोक धक्क्यावर गाडी लावून बसतात. ज्यांनी जमीन विकली त्यातला एकजण त्याच जागेवरच्या रिसॉर्टला वॉचमन आहे. मांघरला 2022 ला मधाचं गाव केलं, तसलं काहीतरी आमच्याकडं जमेल असं मला वाटतं, पण मधमाशांच्या पेट्यांकडं बघायला पंचविशीतलं पोरगं हवं आणि ते तर माझ्याच हाताखाली वायर ओढतंय.

माझा पुतण्या मात्र गेला नाही. त्याची बोट आहे, नोव्हेंबर ते मे वासोटा किल्ल्याची आणि टेंटवाली गिऱ्हाईकं, पावसाळ्यात चार महिने घरी. बायको मिळत नाही ही त्याची अडचण, कारण मुलीकडचे पहिलं विचारतात, गाडी दारात जाते का?

2022 ला याच पाण्याच्या काठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः वल्ही मारत शाळेला जातात ही बातमी आली, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चाच चर्चा. मी फक्त एवढंच लिहिलं की आपल्या वेळी लाँच तरी होती. त्यावर कोणी काही बोललं नाही.

असो. कमिटीला विनंती आहे की कार्यक्रमात सत्कार कमी ठेवा आणि भाषणं आवरती घ्या. पलीकडची शेवटची लाँच साडेपाचला आहे, आणि ती चुकली तर आमच्यातल्या निम्म्यांना झोपायला शाळेचे वर्ग उघडावे लागतील.