लाल रेषेच्या उत्तरेस: नामिबियातील लहान पशुपालक आणि गोमांसाचा बाजार

राजधानी विंडहुकहून बी-१ महामार्गाने उत्तरेकडे जाताना त्सुमेबच्या पुढेही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण असते आणि त्यामागे मोठ्या खासगी शेतांवरची गुरे चरताना दिसतात. ओशिवेलोचा तपासणी नाका ओलांडला की जमीन सामुदायिक होते, कुंपणे संपतात, बाजरीची शेते लागतात आणि गुरे-गाढवे थेट रस्त्यावर येतात. म्हणूनच या पट्ट्यात रात्री गाडी चालवू नये आणि इंधन त्सुमेबलाच भरून घ्यावे.

या नाक्यावरून जाणारी लाल रेषा, म्हणजे गुरांचे रोग रोखण्यासाठी आखलेली सीमा, हेच उत्तरेतील पशुपालकाच्या अडचणींचे मूळ आहे. १८९६-९७ च्या बुळकांडीच्या (गुरांच्या जीवघेण्या रोगाच्या) साथीत जर्मन वसाहती प्रशासनाने ती आखली आणि विसाव्या शतकात तिच्यावर कुंपण उभे राहिले. आज लाळ्या खुरकूत आणि गुरांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह हे रोग दक्षिणेत पोहोचू नयेत, यासाठी ती राखली जाते. दक्षिणेकडच्या गोमांसाला युरोपीय संघ आणि नॉर्वेची बाजारपेठ मिळते. २०१९ मध्ये नामिबियाने चीनलाही गोमांस पाठवले, आणि २०२० मध्ये अमेरिकेला गोमांस पाठवणारा तो आफ्रिकेतील पहिला देश ठरला. उत्तरेतील जिवंत गुरे मात्र दक्षिणेत नेता येत नाहीत, आणि देशातील बहुसंख्य लोकवस्ती उत्तरेकडेच आहे. रेषा हटवावी म्हणून न्यायालयातही दाद मागितली गेली आहे.

कुंपण एका दिवसात पाडावे, असे मला वाटत नाही. पूर्वेकडील झाम्बेझी प्रदेशातील रानम्हशींमध्ये लाळ्या खुरकुताचा विषाणू टिकून असतो, आणि २०१५ मध्ये ही साथ थेट उत्तर-मध्य भागात पसरली होती. पण कत्तलीनंतर मांस काही काळ ठेवून योग्य रीतीने मुरू दिले की त्यातील आम्लता वाढून स्नायूंमधील विषाणू नष्ट होतो आणि हाडे व लसिकाग्रंथी काढल्यावर धोका फारच कमी उरतो. तेव्हा गुरांऐवजी प्रक्रिया केलेले मांस रेषेपलीकडे पाठवणे, हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. त्यासाठी उत्तरेतील कत्तलखाने सातत्याने चालायला हवेत. आजवर ते कधी सुरू, कधी बंद असेच राहिले आहेत, आणि कत्तलखाना बंद असला की पशुपालकापुढे डोळ्यांनी अंदाज बांधून रोख भाव सांगणारा व्यापारी तेवढा उरतो.

स्थानिक बाजार पाहायचा असेल तर उत्तरेतील ओशाकाती शहराच्या खुल्या बाजारात दुपारच्या सुमारास जावे. तेथे निखाऱ्यावर बारीक तुकडे भाजून मीठ-तिखटाबरोबर विकले जाणारे मांस, म्हणजे ‘कपाना’, घेण्यासाठी गर्दी असते. खरी संधी मला येथे दिसली: ग्राहक जवळ आहे, रोख पैसे मिळतात आणि निर्यातीच्या अटी नाहीत. अडचण अशी की विकणारे बहुधा म्हातारे बैल किंवा भाकड गाई आणतात, कारण शाळेची फी, आजारपण किंवा अंत्यविधी यांचा खर्च उभा राहिल्याशिवाय जनावर विकण्याची प्रथा नाही. २०१९ च्या दुष्काळात हे फार महाग पडले. वेळेवर न विकलेली गुरे चाऱ्याअभावी मेली.

कोणाच्याही गोठाणावर गेल्यावर गुरांची संख्या विचारू नये; ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे. गावच्या प्रमुखाला आधी भेटावे, दुभाष्या सोबत ठेवावा आणि नाक्यावर छायाचित्रे काढू नयेत. परतताना कच्चे मांस बरोबर आणू नये, कारण दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांची तपासणी होते आणि सापडलेले मांस जप्त केले जाते.

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ प्रवासाला सोयीचा आहे, परंतु पशुपालकांची कोंडी समजून घ्यायची असेल तर या काळाच्या अखेरीस जावे, जेव्हा चारा संपत आलेला असतो, बरीच गुरे दूरच्या चराईतळांवर, काही अंगोलाच्या हद्दीतही, गेलेली असतात, आणि उरलेली खंगलेली असल्याने भाव पडलेले असतात. कोणाशीही बोलताना एवढे आवर्जून विचारावे: जनावराचे वजन काट्यावर होते की नजरेने, पैसे किती दिवसांनी हाती येतात, आणि व्यवहार फिसकटला तर जनावर घरी परत नेण्याचा खर्च कोण सोसतो.