जिप्सीच्या कमानी: उंची किती, कडकपणा किती

माझ्या मारुती जिप्सीच्या चारही कमानी (एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग) बदलून झाल्या आहेत, शॅकलचे, म्हणजे कमानीचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे, रबरी बुश नवे बसवले आहेत आणि गाडी पूर्वीपेक्षा चाळीस मिलिमीटरने उंच उभी आहे. शॉकॲब्सॉर्बरचे काम अद्याप बाकी आहे. लिफ्टचा, म्हणजे गाडी उंच करण्याचा, विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती इंच?’ हाच असतो आणि कमान किती कडक घ्यायची हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. म्हणून या नोंदीत मुख्यतः निवडीविषयीच लिहितो आहे.

माझी गाडी पांढरकवड्याजवळच्या शेतापर्यंत पांदण रस्त्याने (शेतांमधल्या कच्च्या वाटेने) जाते, हंगामात खताच्या आणि ढेपेच्या गोण्या वाहते, उन्हाळ्यात मित्रांसोबत नाल्याकाठच्या वाटा तुडवते आणि अधूनमधून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूरलाही जाते. वर्षातील बहुतेक दिवस मागे कोणी बसलेले नसते. कमान निवडताना ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण गाडी कधीतरी जास्तीत जास्त किती वजन उचलेल यापेक्षा ती रोज किती वजन घेऊन धावते यावर आराम ठरतो.

उंचीचा प्रश्न पांदणीनेच सोडवला. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात, त्या उन्हाळ्यात तशाच वाळून टणक होतात आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल असल्यामुळे सर्वांत आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा. कमानी कितीही उंच केल्या तरी हा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. त्याची उंची केवळ टायरच्या व्यासावर अवलंबून असते आणि व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. लिफ्टमुळे वर जाते ती चेसिस, म्हणजे शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) किंवा नाल्याच्या काठावरून उतरताना मधला भाग टेकत नाही आणि ॲक्सलला वरखाली हलायला जास्त जागा मिळते. आपल्या भागासाठी हा लाभ चाळीस मिलिमीटरमध्ये पुरेसा मिळतो, असे माझे ठाम मत आहे. ऐंशी किंवा शंभर मिलिमीटरच्या लिफ्टने चाकोरीतली अडचण तशीच राहते, मात्र गुरुत्वमध्य वर जातो आणि इंजिनाची ताकद ॲक्सलला पोहोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचे कोन वाढतात. टायरचे माप मी मुद्दाम मूळचेच ठेवले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे लिफ्ट करणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचून घ्यावे.

आता कडकपणा. जुन्या मागच्या कमानींचे मोजमाप घेण्यासाठी मी डीएपी खताच्या पन्नास किलोच्या चार गोण्या बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवल्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर आधी व नंतर मोजले. (युरियाची गोणी घेणार असाल तर ती पंचेचाळीस किलोची असते, हे हिशेबात धरावे.) दोनशे किलोला गाडी पंचावन्न मिलिमीटर बसली, म्हणजे एका कमानीला एक मिलिमीटर दाबण्यासाठी सुमारे १.८ किलो वजन लागते. रिकाम्या गाडीत एका मागच्या कमानीवर ॲक्सल वगळून साधारण पावणेदोनशे किलो भार धरला, तर कंपनांची वारंवारिता सेकंदाला १.६ येते, दोनशे किलो लादल्यावर तीच १.३ पर्यंत उतरते. आरामदायी मोटारींमध्ये ही संख्या १ ते १.५ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. उभ्या दिशेच्या हादऱ्यांना माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते, त्यामुळे कमान जितकी कडक होत जाईल तितके आपण त्या पट्ट्याकडे सरकत जातो.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटली. गोण्या उतरवल्यावर गाडी मूळ उंचीला परत आलीच नाही. ती अठरा मिलिमीटर खालीच थांबली आणि मागचा बंपर धरून चांगली हलवल्यावर वर आली. पाट्यांमध्ये शिरलेली काळी माती सुकून इतकी घट्ट बसली होती की पातळ पट्टीने खरवडूनही ती सहज निघेना. पाटे एकमेकांवर घसरत नसतील तर लहान खड्ड्यावर कमान कमानीसारखी वागतच नाही, सगळा धक्का थेट चेसिसला जातो. कमान उतरवून, प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून आणि ग्रॅफाइटचे ग्रीस लावून पुन्हा बांधल्यावर तोच फरक सहा मिलिमीटरवर आला आणि मुरमाच्या रस्त्यावरची खडखड निम्म्याहून कमी झाली. गाडी कडक झाली म्हणून नव्या कमानी शोधणाऱ्यांनी खर्चाआधी हे काम अवश्य करून पाहावे.

पाट्यांचे काम करणाऱ्या अनुभवी मिस्त्रींचा सल्ला वेगळा होता. “भाऊ, अजून एक पाटा टाकून देतो, मंग गाडी कधीच बसनार नाही,” असे ते म्हणाले आणि माल वाहणाऱ्या गाडीसाठी ते अगदी योग्यच आहे. परंतु पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरच्या पाट्याऐवजी सात मिलिमीटरचा घेतला तर तो एकटा पाटा जवळपास साठ टक्के जास्त कडक असतो. पाच पाट्यांच्या कमानीत असा पूर्ण लांबीचा एक पाटा वाढवला तर संपूर्ण कमान सुमारे तीस टक्क्यांनी कडक होते. माझ्या रिकाम्या गाडीच्या वारंवारितेचा आकडा त्यामुळे १.८ च्या वर गेला असता. दुसरा पर्याय जुन्याच पाट्यांना जास्त बाक देण्याचा होता. त्याने कडकपणा फारसा न बदलता उंची मिळते, मात्र भट्टीत तापवलेल्या पोलादाला नेमके पाणी देऊन नंतर योग्य तापमानाला पुन्हा नरम केले नाही, तर काही महिन्यांत बाक उतरतो. लांब शॅकल मी विचारात घेतले नाहीत. त्यांच्या वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते आणि पुढच्या ॲक्सलचा कोन बदलून स्टिअरिंग सैल वाटू लागते.

शेवटी मूळ कमानीइतक्याच कडकपणाच्या, जास्त बाकाच्या आणि टोकाशी नायलॉनच्या चकत्या असलेल्या नव्या कमानी घेतल्या. पुढच्या कमानींच्या वारंवारितेचा आकडा १.४ च्या आसपास ठेवला आहे आणि तो मागच्यापेक्षा मुद्दाम कमी आहे. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मॉरिस ऑली यांनी मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते: खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, म्हणून मागची बाजू थोड्या जलद लयीत हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे डुलत नाही. जिप्सीच्या दोन ॲक्सलमध्ये २३७५ मिलिमीटर अंतर असल्यामुळे ताशी तीस किलोमीटर वेगाला मागचे चाक त्याच खड्ड्यावर ०.२८ सेकंदाने पोहोचते. मागे कडक आणि पुढे मऊ एवढेच ऐकून मागची कमान वाटेल तितकी कडक करणे मात्र या तत्त्वात बसत नाही. फरक पंधरा ते तीस टक्क्यांचाच असावा.

बसवताना कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच वापरले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही. शॅकलचे आणि कमानीच्या टोकाच्या गोल डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने फिरवून ठेवले आणि चारही चाके जमिनीवर टेकवून, गाडी हलवून स्थिर झाल्यानंतरच घट्ट केले; गाडी अधांतरी असताना ते घट्ट केले तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो, गाडी कडक लागते आणि बुशही लवकर फाटतो. बुश रबराचेच निवडले. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात हे खरे, परंतु बारीक थरथर रबरच चांगली शोषते. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत ठेवून ब्रेकच्या होजला ढील आहे का तेही पाहिले आणि हेडलाइटची दिशा पुन्हा लावून घेतली.

जुने शॉकॲब्सॉर्बर नव्या उंचीला अपुरे पडत आहेत. नाल्याच्या काठावर एक चाक खाली सुटले की कमानीची हालचाल शिल्लक असतानाच शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन ठक् असा आवाज येतो. त्यासाठी ॲक्सल जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही टोकांची लांबी मोजली आहे आणि त्या दोन मापांमध्ये बसणारा, परतीच्या झटक्याला पुरेसा आवर घालणारा जोड शोधतो आहे. यू-बोल्ट काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा घट्ट करायचे आहेत, आणि खरिपाच्या पेरणीत गोण्या वाहून कमानी थोड्या बसल्या की मडगार्डची उंची पुन्हा मोजून येथे आकडे देईन.