लिपस्टिक संपते का?

लिपस्टिकला घाम येतो. मे महिन्यात, ठाण्यात, दुपारी दोनला, डोक्यावर पंखा पाचावर असतानाही येतो. ड्रॉवरमध्ये सेफ्टी पिन शोधत होते, हाताला एक कांडी लागली, सवयीने टोपण काढलं तर अंगभर तेलाचे बारीक थेंब. मेणात मुरवलेलं तेल उकाड्याने वर येतं, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण नाकाशी नेली आणि कळलं की हिचं काम घामाच्या पुढे गेलंय. चक्क खवट वास. मग दुसरी हुंगली. मग तिसरी. शेवटी ड्रॉवरच ओढून काढला आणि पलंगावर उपडा केला. सेफ्टी पिन राहिली बाजूला.

किती निघाल्या ते सांगत नाही. मोजल्याही नाहीत. दागिने आणि लिपस्टिका मोजू नयेत. नवरा चहाचं विचारायला आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "या सगळ्या एकाच रंगाच्या का आहेत?" एकाच रंगाच्या नाहीत. एक विटकरी आहे, एक विटकरीत जरा तपकिरी झाक असलेली, एक ओल्या विटेची, एक उन्हात वाळलेल्या विटेची. मनगटापासून कोपरापर्यंत रेघा ओढून त्याला दाखवल्या. त्याने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "साखर कमी घालू ना?" असं विचारून तो निघून गेला.

विटकरी नसलेली एक आहे, राणी रंगाची. ती परदेशातून आलेली. तिकडून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या मनात आपण कुणी वेगळीच बाई असतो. ती बाई पार्ट्यांना जाते, तिला राणी रंग शोभतो आणि तिला दर दोन वर्षांनी हँड क्रीम लागतं. मी त्या बाईच्या वतीने ही लिपस्टिक सांभाळते आहे. टाकली तर विचारणार, "लावतेस की नाही गं?" आणि खोटं बोलायला निदान वस्तू तरी घरात हवी.

फाउंडेशनच्या बाटल्यांचं वेगळं दुःख. त्यातली एकही माझ्या रंगाची नाही, सगळ्या एक पायरी वरच्या. दुकानातली मुलगी हाताच्या मागच्या बाजूला ठिपका लावते, पांढऱ्याफटक दिव्याखाली धरते आणि म्हणते, "मॅम, हा तुम्हाला ब्राइट दिसेल." आपण मान डोलावतो. घरी येऊन खिडकीशी बघावं तर चेहरा एका गावचा, मान दुसऱ्या गावची.

खरं तर मला राहून राहून एकच प्रश्न पडत होता. या ढिगात संपलेली एकही वस्तू का नाही? बिघडलेल्या आहेत, वाळलेल्या आहेत, कंटाळा आलेल्या तर खंडीभर आहेत. वापरून वापरून तळ दिसला, अशी मात्र एक नाही. शाम्पू संपतो, कणीक संपते, पगार तर संपतोच. लिपस्टिक संपलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली, ती आईची.

आईकडे एकच होती. गडद मरून, सोनेरी नळीतली, देशी. टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली. बायकांच्या परदेशी प्रसाधनांवर देशाचं परकीय चलन जातंय ही नेहरूंची काळजी त्यामागे होती, असं सांगतात. माझ्या आईपुरतं बोलायचं तर ती काळजी अनाठायी होती. लग्नकार्य, गॅदरिंग आणि ऑफिसातल्या कुणाचा निरोप समारंभ, एवढ्यालाच ती कांडी कपाटातून बाहेर यायची. वरचा उतार झिजून सपाट झाला, मग ती नळीच्या काठाबरोबर आली, मग काठाच्या खाली गेली. इथे आपण नवी आणतो. आईने आकडा काढला. केसातला काळा आकडा दातांनी फाकवून त्याच्या एका टोकाने ती आतलं मेण कोरायची, अनामिकेच्या बोटावर घ्यायची आणि त्या बोटाने ओठांवर टेकवत जायची. मग कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्यावर ओठ दाबायचे. बोटावर उरलेलं गालांवर. ते झालं की आकडा पुसून पुन्हा केसात. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आज कुठे दौरा?" आई म्हणायची, "ऑडिट आहे." ऑडिट नसायचंच, भाचीचं केळवण असायचं. नळी पार पितळ दिसेपर्यंत कोरून झाल्यावर तिने तीत सुया ठेवल्या.

मी आकड्याने कोरण्याची वेळ कधी आणलीच नाही. आधीचं निम्मंही झालं नसताना नवी येते. शिवाय आता वस्तूंवरच लिहिलेलं असतं की हिचे दिवस किती. डबीच्या बुडाशी झाकण उघडलेल्या बरणीचं इवलंसं चित्र असतं, त्यात ६ एम, १२ एम, २४ एम असं काहीतरी. उघडल्यापासून इतके महिने. पण उघडली कधी, हे कुणाच्या बापाला आठवतंय? मस्काऱ्याचं सगळ्यात वाईट. तीच काडी पापण्यांना लावायची, तीच परत आत खुपसायची, म्हणजे लोणच्याच्या बरणीत रोज खरकटा चमचा. डोळ्यांचे डॉक्टर तीन ते सहा महिन्यांत टाका म्हणतात. माझे दोन्ही मस्कारे माझ्या भाचीच्या बारशाचे असावेत, आणि भाची आता सायकल चालवते. ते गेले कचऱ्यात, विचार न करता. पाण्याचा अंश असलेलं सगळं आधी बिघडतं, कोरडी पावडर पुष्कळ टिकते. म्हणून आयशॅडोची डबी राहिली. तीत निळा तसाच आहे आणि तपकिरीला खड्डा पडलाय. निळा कोण लावतं?

रचण्याचं म्हणाल तर हल्ली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे कप्पे मिळतात. प्रत्येक लिपस्टिकला स्वतंत्र भोक, अगदी हॉस्टेलसारखी शिस्त. मी ते मागवत नाही. मला दिसणारी नीटनेटकी वस्तू वापरवत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी माळ्यावरचा स्टीलचा मिसळणाचा डबा काढला. जिथे मोहरी असायची तिथे टिकल्या, हळदीच्या वाटीत कानातली, हिंगाच्या जागी काजळ. घासूनही हिंगाचा वास जात नाही. आता मी लग्नाला जाईन तेव्हा फोडणीचा मंद दरवळ येईल.

टिकल्यांच्या पाकिटांची मात्र कीव आली. प्रत्येक पाकिटातला मधला आकार तेवढा संपलेला. मोठ्या मोठ्या उरलेल्या, कारण त्या लावायला तसं कपाळ आणि तशी छाती लागते. अगदी बारीकही उरलेल्या, कारण त्या लावल्या काय नि न लावल्या काय. शिवाय न्हाणीघराच्या आरशावर चिकटवलेल्या आहेतच, डिंक गेलेल्या, तरी उद्या लावू म्हणून राखलेल्या.

आजीला टिकली हे नवं फॅड वाटायचं. तिच्याकडे फणेरपेटी होती, सागवानी, झाकणाच्या आतून आरसा. झाकण मागे टेकवून ठेवलं की ती पाटावर बसून त्यात बघायची. आत फणी, आगवळ, मेणाची डबी, घरी धरलेलं काजळ आणि कुंकवाचा करंडा. कुंकू केमचं. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावाहून आलेल्या कुणी ना कुणी ते आणून द्यायचं. आधी बोटाच्या टोकाने मेण, बरोब्बर गोल. त्यावर कुंकू दाबायचं, मग नाकावर सांडलेला भुगा पदराच्या टोकाने टिपायचा. इतकं गोल वर्तुळ मला कंपासनेही जमलं नाही. एवढीशी पेटी, पण तीत जास्तीचं काही नव्हतं आणि कमी काही पडत नव्हतं, असं मला वाटायचं.

आजोबा गेले त्या दिवशी दुपारी आळीतल्या दोघी-तिघी आल्या. एकीने पेटी खाली घेतली. करंडा काढला, मेणाची डबी काढली, काजळ काढलं. हिरव्या बांगड्या तर आधीच गेल्या होत्या. फणी राहू दिली. फार वेळ लागला नाही. आजी समोरच भिंतीला टेकून बसली होती. काय ठेवायचं नि काय नाही, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. नंतरही ती रोज सकाळी पेटी उघडायची, वेणी घालायची आणि झाकण लावायची. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद असा ठराव केला, पंधरवड्यात सरकारनेही बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. पेपरात वाचलं तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा गेल्यावर आईला मात्र कुणी काही सांगायला आलं नाही. तिने महिनाभर टिकली लावली नाही. मग पेन्शनच्या कामाला बँकेत जायचं होतं, त्या दिवशी लावून गेली. मरून.

फणेरपेटी आता भावाकडे आहे, तो तीत खिळे नि स्क्रू ठेवतो. मागितली तर देईल. पण ठेवू कुठे?