आठवड्यातला एक तास

परवा एका घरून निघत होते आणि बाळाची आई दारापर्यंत येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही असता तेव्हा तो सगळं करतो, तुम्ही गेलात की आठवडाभर काही म्हणजे काही करत नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. पहिली दोनतीन वर्षं मला ते ऐकून खरंच छान वाटायचं, वाटायचं की आपल्याला जमतंय. आता पोटात गोळा येतो. कारण त्याचा अर्थ एवढाच की त्या घरात माझं काम अजून सुरूच झालेलं नाही.

मी अर्ली इंटरव्हेन्शनमधे एज्युकेटर आहे. म्हणजे जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतची मुलं, ज्यांची वाढ कुठेतरी अडलीये किंवा अडेल अशी शंका आहे, ती आणि त्यांच्या घरची माणसं. खूप आधी जन्मलेली, डाउन सिंड्रोम असलेली, सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाली अवघड होतात ती अवस्था) शंका असलेली, कमी ऐकू येणारी, दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळून न बघणारी, आणि काही तर नुसतीच "ताई, काहीतरी वेगळं वाटतंय, नक्की काय ते सांगता येत नाही" म्हणून आलेली. लोक विचारतात की एवढ्याशा बाळाला तुम्ही काय शिकवणार? बरोबर विचारतात. बाळाला मी फार थोडं शिकवते.

सुरुवातीला माझ्याकडे एक मोठी पिशवी असायची. खुळखुळे, रिंगा, ठोकळे, आरसा, वेगवेगळ्या कापडाचे तुकडे, दाबलं की दिवा लागतो ती खेळणी. मी घरात शिरले की मूल पिशवीकडे बघायचं, मी जमिनीवर बसून एक तास मन लावून खेळवायचे, आई शेजारी बसायची किंवा तेवढ्यात राहिलेली कामं उरकून घ्यायची, आणि तास संपला की मी सगळं परत पिशवीत भरून निघायचे. एकदा दीड वर्षाच्या एका मुलाने रिंगा काठीत घालायला शिकल्या, अगदी त्याच दिवशी, आणि मी रिंगा भरून निघाले तर तो पिशवीला धरून रडायला लागला. त्याची आई मला काही म्हणाली नाही. पण रस्त्यात माझ्या डोक्यात आलं की आता पुढचे सात दिवस हा मुलगा रिंगा कशात घालणार? मी जे शिकवलं ते मीच उचलून घेऊन चालले होते.

हिशोब करून बघा ना. त्या वयाचं मूल दिवसातले दहा ते बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे जवळजवळ ८० तास. त्यातला माझा एक. बाकीच्या ७९ तासांत त्याला कोणीतरी भरवतं, पुसतं, कपडे घालतं, कडेवर घेतं, झोपवतं. नॅपीच दिवसातून पाचसहा वेळा बदलतात. जे काही व्हायचं ते तिथे होणार आहे.

तर आता पिशवी नाही. पहिल्या भेटीत मी विचारते, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते? आणि मग गप्प बसते. उत्तर जवळजवळ कधीच "तो ठोकळे रचत नाही" असं येत नाही. येतं की अंघोळीला किंचाळते, घास तोंडात धरून बसतो, रात्री चार वेळा उठते, कपडे घालताना अंग ताठ करतो. मग तिथूनच सुरुवात करायची. चौदा महिन्यांची डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी होती, स्नायू सैल, आणि आई अगदी सराईतपणे दहा सेकंदांत तिला शर्ट घालून मोकळी व्हायची. मी म्हटलं आज एकच करूया, डोक्यातून शर्ट घातला की बाही पुढे धरा, "हात कुठाय?" विचारा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, हात ओढायचा नाही. दहा आकडे फार मोठे असतात हो! आईच्या कपाळावर घाम आला. सातव्या की आठव्या आकड्याला त्या मुलीचा खांदा जरासा हलला. बस, एवढंच. पण त्या खांद्यात वाट बघणं होतं, प्रश्न समजणं होतं, स्नायूंचं काम होतं, आणि हे दिवसातून दोनतीनदा, काही वेगळं न करता, रोज होणार होतं. चौथ्या आठवड्यात ती मुलगी स्वतःहून हात पुढे करून बसली होती.

थांबणं हेच सगळ्यात अवघड, आईबाबांनाही आणि मलाही. उशिरा वाढणाऱ्या मुलाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो आणि आपण प्रेमापोटी मधेच करून टाकतो, असं शंभर वेळा झालं की मुलाला कळतं की आपण काही करायची गरजच नाही.

एक चूक सांगते, ती अजून मला टोचते. २८व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, नुकतंच एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेलं. मी पहिल्याच भेटीत आईला सात गोष्टींची यादी दिली, दिवसातून तीनदा करा म्हणून, तक्ता पण काढून दिला. पुढच्या दोन भेटी तिने रद्द केल्या. तिसऱ्या वेळी गेले तर ती माझ्याकडे बघेना. खूप वेळाने म्हणाली की दर तीन तासांनी नळीने दूध द्यायचं असतं, मधे दूध काढायचं असतं, मी सलग दोन तास झोपलेली मला आठवत नाही, तुमचा तक्ता बघितला की मला वाटतं मी वाईट आई आहे. मी तो तक्ता तिथेच फाडला आणि त्या दिवशी बाळाला फक्त तिच्या छातीवर ठेवून आम्ही दोघी बसलो. अशा घरांबद्दल फाइलमधे सर्रास लिहिलं जातं की पालक सहकार्य करत नाहीत, किंवा पालकांनी अजून स्वीकारलेलं नाही. मी ही दोन वाक्यं लिहिणं बंद केलंय. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईने काय आणि किती स्वीकारलं पाहिजे, हे आपण कोण ठरवणार, ती रोज त्याला उचलून घेतेय ना.

याच बाळांच्या बाबतीत अजून एक, वयाचा हिशोब. २८ आठवड्यांचं बाळ म्हणजे तीन महिने लवकर, त्यामुळे ते नऊ महिन्यांचं झालं तरी त्याच्याकडून अपेक्षा सहा महिन्यांच्या बाळाची ठेवायची, आणि हे साधारण दोन वर्षांपर्यंत. कितीतरी आया शेजारचं बाळ बसायला लागलं म्हणून रात्र रात्र रडलेल्या असतात आणि हे साधं गणित त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

तारखांचं ओझं एरवीही खूप असतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे प्रसिद्ध केलं त्यात एकट्याने चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे मी पालकांना आवर्जून सांगते. पण त्याचबरोबर "थांबा, होईल आपोआप" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही, विशेषतः त्याचे बाबा पण उशिराच बोलले होते वगैरे. वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरतंय, चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आवळलेल्या, वर्षाचं झालं तरी बडबड नाही की बोट दाखवणं नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःचं वाक्य नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट कुठल्याही वयात अचानक गेली, तर वाट बघायची नाही, दाखवायचं. दाखवून काही नाही निघालं तर उत्तमच.

आणि कान! बोलत नाही म्हटलं की आधी कान. ऐकण्याबाबत एक साधा नियम आहे, महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. जन्मतः तपासणीत पास झालेल्या मुलाचंही ऐकणं नंतर कमी होऊ शकतं, म्हणून "तेव्हा नॉर्मल होतं" यावर थांबू नका. एका मुलीला पावणेदोन वर्षं सगळे हट्टी म्हणत होते. ती हट्टी नव्हती, तिला ऐकूच येत नव्हतं.

मला स्कील्सचा जुना अभ्यास नेहमी आठवतो. हॅरॉल्ड स्कील्स हे अमेरिकेतल्या आयोवामधले मानसशास्त्रज्ञ, गोष्ट १९३०च्या दशकातली. अनाथालयातली १३ लहान मुलं, जी मतिमंद म्हणून सोडून दिल्यासारखी होती, त्यांना बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत, स्त्रियांच्या विभागात हलवलं. तिथे त्या बायकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना उचललं, खेळवलं, प्रत्येकाला जवळजवळ आपलं असं कोणीतरी मिळालं. त्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी २७-२८ गुणांनी वाढला आणि अनाथालयात राहिलेल्या १२ जणांचा साधारण २६ गुणांनी घसरला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं ते स्कील्सनी १९६६मधे छापलं, तेव्हा १३च्या १३ स्वतःच्या पायावर उभी होती. मुलं थोडी होती, आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि देऊही नये, ते १२ जण मला झोपू देत नाहीत. पण त्या बायकांकडे थेरपी नव्हती, पिशवी नव्हती. त्या रोज तिथे होत्या.

म्हणजे थेरपी नको असं मी म्हणत नाहीये. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डॉक्टर सगळे हवेत, त्यांच्याशिवाय मी काहीच करू शकत नाही. माझं काम ते जे सांगतात ते त्या घरच्या सकाळ-संध्याकाळीत बसवायचं. आजीच्या मांडीवर बसतं ना, मग मांडीवर कसं बसवलं तर पाठ सरळ राहील. बाबा फक्त रात्री असतात, मग झोपवायच्या वेळेचं गाणं बाबांचं, आणि मधे थांबायचं, बाळ आवाज काढेपर्यंत.

सगळी मुलं चालत नाहीत, सगळी बोलत नाहीत. एका मुलाबरोबर मी अडीच वर्षं होते, तो तीनचा झाला तेव्हाही आधाराशिवाय बसत नव्हता. शेवटच्या भेटीला गेले तर आई त्याला भरवत होती. चमचा तोंडापासून थोडा लांब धरून ती थांबली, त्याने डोळे आधी चमच्याकडे नेले, मग तिच्याकडे, मग ती म्हणाली "हो का, अजून हवं?" आणि दिलं. परत थांबली. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं, कधीतरी तिचं तिनेच शोधलं होतं. मी एक शब्दही बोलले नाही. त्या दिवशीच्या रिपोर्टमधे "आज काय केलं" या रकान्यात मी लिहिलं, काही नाही, बसून बघितलं.