पेलाग्रा : ‘आग्रा’ची गाठ सुटता सुटेना

मागच्या नोंदीत पेलाग्रा या त्वचा खरखरीत करणाऱ्या रोगाच्या नावाची फोड ‘पेल्ले’ (त्वचा) + ‘आग्रा’ अशी केली होती. पूर्वपद पक्कं आहे. उत्तरपदाने मात्र सगळी मांडणी उधळली.

एक ‘आग्रा’ इटालियन विशेषण: आंबट, बोचरं, त्यावरून खरखरीत. दुसरा ग्रीक, म्हणजे शिकार किंवा पकड; पोदाग्रामधला (पायाचा गाऊट). हा दुसरा आपण बाद केला होता, कारण ग्रीक उत्तरपद लॅटिन वंशाच्या शब्दाला कसं लागेल? लागतं! रोमन लेखक प्लिनीने सम्राट तिबेरिउसच्या काळातल्या एका त्वचारोगाचं नाव ‘मेन्ताग्रा’ असं नोंदवलंय. ‘मेन्तुम’ म्हणजे हनुवटी, अस्सल लॅटिन. तेव्हा तो आक्षेप खोडून टाका.

मग पुन्हा फ्रापोल्ली या इटालियन डॉक्टरचं या रोगावरचं लॅटिन पुस्तक, मिलान, १७७१. शीर्षकात ‘मोर्बुम वुल्गो पेलाग्राम’. ‘वुल्गो’ म्हणजे लोकांच्या तोंडी, म्हणजे नाव डॉक्टरांनी घडवलेलं नाही. ‘ल’ एकच आहे, पण त्याने बिचकू नका: लोंबार्दीतल्या (मिलानच्या प्रांतातल्या) बोलींत जोडव्यंजनं सहसा एकेरी होतात. याच एकेरी ‘ल’मुळे ‘पेलो’ (केस) मध्ये घुसतो आणि ‘पेलारेल्ला’शी गल्लत होते. तो केसगळतीचा शब्द, ‘पेलारे’वरून आलेला, त्याचं कार्ड वेगळंच ठेवा. आमचा कौल अजून बोलीतल्या विशेषणाकडे. पोदाग्राच्या वळणाची ओढ वैद्यांच्या लॅटिनमध्ये नंतर लागली असावी.

बऱ्याच कोशांत ‘खरखरीत त्वचा’ एवढंच देतात, हे खटकतं. आंबटपणाचा मूळ अर्थ त्यात हरवतो. स्कॅन धुंडाळताना एक काळजी घ्या: जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ वाचतं. फ्रापोल्लीच्या शीर्षकातला पहिला शब्द ‘आनिमादवेर्सिओनेस’ (निरीक्षणं) मिळाला नाही, तर ‘आनिमादवेर्फिओनेस’ टाकून बघा.

आता या फेरीतली खरी कमाई. विशेषणाचं मूळ लॅटिन ‘आकेर’, तीक्ष्ण. आपला ‘अग्र’ किंवा ‘उग्र’ त्याला जोडायचा मोह होतो, पण तिथला ‘क’ संस्कृतात ‘श’ व्हायला हवा, ‘ग’ नाही. तसा भाऊबंद आहे ‘अश्रि’, धार किंवा कोपरा. त्याच कुळातला ‘चतुरश्र’, आणि त्यातून आपला ‘चौरस’!

पुढे मलेरिया घ्यायचा होता, तो लांबवतोय. आधी पोदाग्रा, किराग्रा (हाताचा गाऊट), गोनाग्रा (गुडघ्याचा), मेन्ताग्रा एकाच तक्त्यात, प्रत्येकाच्या पहिल्या नोंदीसह. आणि त्याच्याही आधी केरुबिनीचा मिलानी बोलीचा कोश, १८१४ची आवृत्ती: ‘पेल्ले’ आणि ‘आग्रा’ यांच्या बोलीतल्या रूपांच्या, ‘पेल’ आणि ‘आगर’च्या, दोन्ही नोंदी.